राखलं किती, हे मोजणार कोण?

(युवा शिबिरातील भाषणाचा संपादित मजकूर)



आजच्या विषयाचं नाव संयोजकांनी जरा जड ठेवलं आहे: जैवविविधतेचं मोजमाप आणि संवर्धनाची परिणामकारकता. मी ते दोन साध्या प्रश्नांत मांडतो. आपल्या आसपास कोणते जीव किती आहेत, आणि ते वाढताहेत की घटताहेत, हा पहिला प्रश्न. त्यांना वाचवण्यासाठी आपण जे करतो त्याने ते खरोखर वाचताहेत का, हा दुसरा. पहिला प्रश्न निदान शाळेच्या पुस्तकात तरी असतो. दुसरा कुणीच विचारत नाही, कारण त्याचं उत्तर बऱ्याचदा गैरसोयीचं असतं.

एक ओळखीचं उदाहरण घ्या. २०१९ च्या पावसाळ्यात महाराष्ट्र सरकारने ३३ कोटी झाडं लावण्याचं उद्दिष्ट जाहीर केलं होतं. तुमच्यापैकी काहींनी तेव्हा शाळेतून एखादं रोप लावलं असेल, फोटोही काढला असेल. आता मला सांगा, ते रोप आज कुठे आहे? 'किती लावली' हा एक आकडा झाला. 'किती जगली' हा दुसरा. आणि 'जी जगली त्यांनी तिथल्या पाखरांचं, किड्यांचं, गवताचं काय केलं' हा तिसरा. फलकावर पहिला आकडा येतो. जंगलाला फरक पडतो तो दुसऱ्याने आणि तिसऱ्याने. माळरानावर झाडं लावली आणि ती जगली, तरी माळरान संपतं. तिथे राहणाऱ्या माळढोकाला, लांडग्याला, धाविक पक्ष्याला झाडी नको असते, उघडं गवत हवं असतं.

माळढोकाचं नाव निघालंच आहे, तर त्याची गोष्ट पूर्ण ऐका. १९७९ मध्ये सोलापूर-अहमदनगर भागात माळढोकासाठी अभयारण्य जाहीर झालं. क्षेत्रफळ तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटर. कागदावर हे राज्यातलं सगळ्यात मोठं अभयारण्य होतं. त्यात गावं होती, शहरं होती, उसाची शेतं होती, रस्ते होते. लोकांना स्वतःच्या जमिनीचे व्यवहार करताना वर्षानुवर्षं अडचणी आल्या. पुढे न्यायालयीन प्रक्रियेनंतर हे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं गेलं. आणि पक्षी? नान्नजच्या माळावर एकेकाळी हमखास दिसणारा माळढोक आज सोलापुरात जवळपास संपलेला आहे. म्हणजे चौरस किलोमीटर भरपूर होते, लोकांचा त्रासही भरपूर होता, फक्त ज्याच्यासाठी हे सगळं केलं तो पक्षी राहिला नाही. दरवर्षीचा 'पक्षी किती' हा आकडा 'क्षेत्र किती' या आकड्याच्या बरोबरीने लोकांपुढे ठेवला असता, तर चूक कुठे होतेय हे खूप आधी कळलं असतं.

आता एका मोठ्या माणसाबद्दल बोलू. डॉ. सालीम अली यांचं नाव तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. 'आपल्या समाजातले' म्हणून त्यांचा फोटो आपण जयंतीला शेअर करतो आणि तिथेच थांबतो. त्यांनी केलं काय, हे मात्र फारसं सांगत नाही. १९३० मध्ये त्यांना नोकरी नव्हती. संग्रहालयातली मार्गदर्शकाची नोकरी पैशांअभावी गेली होती. अलिबागजवळच्या किहीमला राहत असताना घराजवळच्या झाडावर सुगरणींची वसाहत होती. ते रोज तासन् तास बसून पाहत राहिले: कोणता नर कोणतं घरटं विणतोय, मादी कधी येते, कोणतं घरटं पसंत करते, त्यानंतर नर काय करतो. त्यातून कळलं की नर घरटं अर्धवट विणून ठेवतो, मादीला ते पसंत पडलं की पूर्ण करतो आणि मग दुसरं घरटं विणायला घेऊन दुसऱ्या मादीची वाट पाहतो. एवढ्या ओळखीच्या पक्ष्याबद्दल ही गोष्ट तोवर कुणी नीट नोंदवली नव्हती. पुढच्याच वर्षी त्यांनी हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी सुरू केली. आपला मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता. आज औरंगाबाद किंवा नांदेडमध्ये कुणी म्हणालं की अमुक पक्षी आमच्याकडे पूर्वी होता का, तर ताडून पाहायला त्या पाहणीच्या नोंदी आहेत.

पण मला त्यांच्याबद्दल खरी सांगायची गोष्ट राजस्थानातल्या भरतपूरची आहे. तिथलं केवलादेव हे पाणथळ जगभरच्या पाखरांसाठी प्रसिद्ध आहे. आसपासच्या गावांच्या म्हशी पिढ्यान् पिढ्या तिथे चरायच्या. म्हशींमुळे पाणथळ बिघडते, त्यांना थांबवलं तर पाखरं वाढतील, असं तेव्हाच्या बहुतेक तज्ज्ञांचं मत होतं. सालीम अलींचं आणि त्यांच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचंही तेच मत होतं. १९८२ मध्ये चराईवर बंदी आली. गावकऱ्यांना पर्यायी सोय नव्हती. संघर्ष झाला, पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात माणसं मेली.

याच काळात, म्हणजे १९८० पासून सुमारे दहा वर्षं, त्याच सोसायटीचे शास्त्रज्ञ केवलादेवचा अभ्यास करत होते. पाणी, गवत, मासे, पाखरं, सगळ्याची मोजदाद चालू होती. निष्कर्ष काय निघाला? म्हशी गेल्यावर पास्पालम नावाचं गवत बेसुमार माजलं. त्याने उघडं पाणी भरून टाकलं आणि पाणपक्ष्यांची जागाच कमी झाली. म्हशी ते गवत खाऊन आटोक्यात ठेवत होत्या. बंदीने पाखरांचं भलं होण्याऐवजी नुकसान झालं.

या गोष्टीतून काही जण 'पर्यावरणवाले खोटे' असा निष्कर्ष काढतील. तो चुकीचा आहे. ज्या संस्थेचं मत बंदीच्या बाजूने होतं, त्याच संस्थेच्या शास्त्रज्ञांनी ती बंदी उलटी पडल्याचं आकड्यांनिशी मांडलं. मोठ्या माणसाचं मत हे मतच असतं, ते मोजून तपासावं लागतं, हा यातला पहिला धडा. दुसरा धडा अधिक कडवा आहे. म्हशी चारणाऱ्या लोकांना आधी विचारलं असतं, दोन तुकडे घेऊन एकात चराई ठेवून आणि एकात थांबवून चार वर्षं पाहिलं असतं, तर जीव गेले नसते. मोजमापात कसूर झाली की त्याची किंमत प्राण्यांप्रमाणे गरीब माणसंही मोजतात.

भरतपूरशीच जोडलेली दुसरी गोष्ट गिधाडांची. तिथे पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडांची शेकडो घरटी असायची. १९९० च्या दशकात डॉ. विभु प्रकाश यांनी मोजली तर ती झपाट्याने कमी होत असल्याचं दिसलं. मग प्रश्न आला: हे फक्त भरतपूरचं आहे की देशभर आहे? इथे जुनी वही कामाला आली. १९९१ ते १९९३ दरम्यान देशाच्या अनेक भागांत रस्त्याने जात शिकारी पक्ष्यांची गणना झाली होती. तेव्हा गिधाडांना कसला धोका आहे असं कुणाच्या डोक्यातही नव्हतं. २००० मध्ये त्याच रस्त्यांवर, त्याच पद्धतीने पुन्हा मोजलं, आणि पुढेही मोजत राहिले. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत या जातीची ९९.९ टक्के घट झाली होती. हजारात एक उरलं. आपल्या सह्याद्रीच्या कड्यांवर घरटी करणारं लांब चोचीचं गिधाडही सुमारे ९७ टक्क्यांनी घटलं.

कारण २००४ मध्ये सापडलं, तेही सीमेपलीकडे. पाकिस्तानात मेलेली गिधाडं तपासताना कळलं की गुरांना दुखण्यावर दिलं जाणारं डायक्लोफिनॅक हे औषध मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जातं आणि त्यांचं मूत्रपिंड निकामी होतं. २००६ मध्ये भारत, पाकिस्तान आणि नेपाळ या तिन्ही देशांनी गुरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी घातली. या तिघांचं एकमत होण्याचे प्रसंग तुम्हाला किती आठवतात? गिधाडाला व्हिसा लागत नाही, त्यामुळे त्याच्या मोजदादीलाही सीमा पाळून चालत नाही.

पुढे काय झालं ते तर आजच्या विषयाचं सारच आहे. बंदी घातली म्हणून काम झालं, असं कुणी मानलं नाही. मेलेल्या गुरांच्या यकृताचे नमुने तपासत राहिले. औषधाच्या दुकानांत जाऊन काय विकलं जातं ते पाहत राहिले. त्यातून दिसलं की औषधाचं प्रमाण घटलंय, पण संपलेलं नाही, कारण माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गुरांसाठी वापरल्या जाताहेत. म्हणून २०१५ मध्ये माणसांसाठीच्या इंजेक्शनची बाटली ३ मिलिलिटरपुरती मर्यादित केली गेली. पुढे २०२३ मध्ये गिधाडांना घातक ठरणाऱ्या केटोप्रोफेन आणि अ‍ॅसिक्लोफिनॅक या औषधांवरही गुरांसाठी बंदी आली. उपाय करायचा, परिणाम मोजायचा, भोक दिसलं की बुजवायचं आणि पुन्हा मोजायचं. परिणामकारकता तपासणं म्हणतात ते हेच.

याच्या उलट उदाहरण सरिस्काचं. राजस्थानातल्या या व्याघ्र प्रकल्पात सरकारी गणनेत डझनाहून जास्त वाघ दाखवले जात होते. २००५ च्या सुरुवातीला उघड झालं की तिथे एकही वाघ उरलेला नाही. शिकाऱ्यांनी संपवले होते आणि कागदावरचे वाघ तेवढे सुखरूप होते. हे कसं झालं? गणना पायांच्या ठशांवरून व्हायची. एकाच वाघाचे ठसे मातीप्रमाणे वेगळे दिसतात. शिवाय मोजणाऱ्या कर्मचाऱ्यावर 'आकडा कमी यायला नको' असा दबाव. ज्याच्या कामाची परीक्षा आहे त्यालाच पेपर तपासायला दिला, तर नापास कोण होणार?

त्यानंतर पद्धत बदलली. आता जंगलात स्वयंचलित कॅमेरे लावतात. वाघाच्या अंगावरचे पट्टे माणसाच्या बोटांच्या ठशांसारखे प्रत्येकाचे वेगळे असतात, त्यामुळे एकच वाघ दोनदा मोजला जात नाही. किती वेळा तोच वाघ पुन्हा दिसला यावरून न दिसलेल्यांचा अंदाज बांधतात. जुन्या पद्धतीने २००१-०२ मध्ये देशात ३,६४२ वाघ सांगितले गेले होते. नव्या पद्धतीने २००६ मध्ये अंदाज आला १,४११. हा आकडा लाजिरवाणा होता, पण त्यानेच यंत्रणा हलली. २०२२ चा सरासरी अंदाज ३,६८२ आहे. हे दोन आकडे जवळजवळ सारखे दिसतात, म्हणून 'वीस वर्षांत काहीच बदललं नाही' असं कुणी म्हणेल. ते चूक ठरेल, कारण मोजपट्टीच बदलली आहे. दोन आकड्यांची तुलना करण्याआधी ते एकाच पद्धतीने काढलेत का, हे विचारायची सवय लावून घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या कोणत्याही आकड्याला हा प्रश्न लागू आहे.

आता जगाच्या पातळीवर येऊ. डिसेंबर २०२२ मध्ये माँट्रियलला जगातल्या देशांनी एक करार केला. त्यातली एकूण २३ उद्दिष्टं २०३० पर्यंत गाठायची आहेत. सगळ्यात गाजलेलं उद्दिष्ट म्हणजे जगातली ३० टक्के जमीन आणि ३० टक्के समुद्र संरक्षणाखाली आणायचा. याआधी २०२० साठी जमिनीचं उद्दिष्ट १७ टक्के होतं. उद्दिष्ट चांगलं आहे. पण माळढोक अभयारण्य आठवा. टक्केवारी नकाशावर रंग भरूनही गाठता येते.

शिवाय संरक्षित क्षेत्रांची एक गंमत आहे. समजा एखाद्या कोचिंग क्लासने जाहिरात केली, 'आमच्या ९५ टक्के मुलांना डिस्टिंक्शन.' चौकशी केली तर कळतं की प्रवेशच नव्वद टक्क्यांच्या वरच्यांना देतात. मग क्लासने काय शिकवलं? जगभरची बरीच संरक्षित क्षेत्रं अशीच उंच, दुर्गम, उताराच्या जमिनीवर आहेत, जिथे तसंही ना शेती होणार होती ना कारखाना. तिथलं जंगल टिकलं हे 'संरक्षणाचं यश' म्हणायचं की जागेचं? म्हणून अभ्यासक आता तशाच उताराच्या, रस्त्यापासून तेवढ्याच दूरच्या, पण संरक्षण नसलेल्या जागेशी तुलना करतात. त्या तुलनेत जो फरक उरेल तेवढंच श्रेय.

जागतिक आकडे वाचतानाही भान हवं. २०२४ च्या लिव्हिंग प्लॅनेट अहवालात १९७० ते २०२० दरम्यान ७३ टक्के सरासरी घट सांगितली आहे. बातम्यांमध्ये याचं 'जगातले ७३ टक्के वन्यजीव नष्ट' असं झालं. तो त्याचा अर्थ नाही. ती कणा असलेल्या प्राण्यांच्या ज्या थव्यांचा, कळपांचा अभ्यास झाला, त्या प्रत्येकातल्या बदलाची सरासरी आहे. एका तळ्यावरचे १०० पक्षी १० झाले आणि दुसऱ्या तळ्यावरचे १,००० होते तसेच राहिले, तर सरासरी घट खूप मोठी दिसेल. पण एकूण पक्षी १,१०० चे १,०१० झाले, म्हणजे आठ टक्क्यांच्या आसपास घटले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही वेगळ्या आहेत. संकट खरं आहे, म्हणून तर ते नेमक्या शब्दांत सांगितलं पाहिजे. फुगवलेला एक आकडा पकडला गेला की लोक खऱ्या दहा आकड्यांवरचाही विश्वास काढून घेतात.

आणि हे जागतिक आकडे येतात कुठून? युरोप-अमेरिकेतून सर्वात जास्त, कारण तिथे पिढ्यान् पिढ्या हौशी लोक वह्या भरत आले. आपल्याकडेही हे काम सुरू झालं आहे. २०२३ चा 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' हा अहवाल ९४२ जातींचा आढावा घेतो. त्यातल्या १७८ जातींकडे तातडीने लक्ष द्यायला हवं असं तो सांगतो. त्याच्या मागे ३ कोटी नोंदी आहेत आणि त्या ३० हजारांहून अधिक हौशी पक्षीनिरीक्षकांनी केल्या आहेत: शिक्षक, बँकेतले कारकून, विद्यार्थी, निवृत्त माणसं. या परंपरेत झफर फतेहअली यांचं नाव घ्यायलाच हवं. हौशी निरीक्षकांच्या नोंदी छापणारी 'न्यूजलेटर फॉर बर्डवॉचर्स' ही पत्रिका त्यांनी अनेक वर्षं चालवली.

स्थानिक नोंदीतून मोठं चित्र कसं बदलतं, त्याचं ताजं उदाहरण आपल्या कोकणातलं आहे. २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर एका ऑलिव्ह रिडले कासविणीच्या पायाला क्रमांकाची पट्टी लावली होती. जानेवारी २०२५ मध्ये ती गुहागरच्या वाळूत अंडी घालताना सापडली. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यावरची कासवं वेगळी, असं मानलं जात होतं. गुहागरच्या वाळूत रात्री गस्त घालणाऱ्याने एक क्रमांक नीट वाचला आणि या समजाला धक्का बसला.

मग आपण काय करायचं? मुंब्र्याला खाडी आहे, मालेगावात मोसम नदी आहे, नांदेडला गोदावरी आहे. यंत्रमागाच्या, कारखान्याच्या, गटाराच्या पाण्याने त्यांचं काय झालंय हे तुम्ही रोज पाहता. पण 'पाणी खराब आहे हो साहेब' या तक्रारीला वजन नसतं. वजन नोंदीला असतं. एक जागा ठरवा. महिन्यातून एकदा, त्याच वेळी, तेवढाच वेळ, तिथे दिसणारे सगळे पक्षी लिहा. दुर्मीळ तेवढेच लिहू नका, कावळा आणि साळुंकीही लिहा. काही दिसलं नाही तर शून्य लिहा. शून्य ही फार मोलाची नोंद आहे, सरिस्कात तेच लिहायची हिंमत नव्हती. ईबर्डसारख्या मोफत अ‍ॅपवर ही यादी टाका. दर जानेवारीत आशियाभर पाणपक्ष्यांची गणना होते, तिच्यात आपलं तळं जोडा. फक्त दुर्मीळ पक्ष्याच्या घरट्याची नेमकी जागा जाहीर करू नका, शिकारी आणि हौशी फोटोवाले दोघेही वाचत असतात.

दुसरं काम कायद्याचं आहे. २००२ च्या जैविक विविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत जैवविविधता व्यवस्थापन समिती हवी आणि तिने लोकांना विचारून 'लोक जैवविविधता नोंदवही' तयार करायची आहे. डॉ. माधव गाडगीळ यांनी ही कल्पना मांडली आणि रुजवली. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने त्यासाठी ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातली. मग अनेक ठिकाणी घाईत, एका गावाची वही पाहून दुसऱ्याची भरल्याच्या तक्रारी झाल्या. तुमच्या गावाची वही मागून पाहा. तिच्यात कुणाला विचारलंय ते वाचा. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या दालदी मच्छीमारांना माहीत असतं की कोणता मासा कोणत्या महिन्यात येईनासा झाला, कोणता आता आधीच्या निम्म्या आकाराचा मिळतो. नदीकाठच्या मोहल्ल्यातल्या दादी-नानींना आठवतं की घाटावर कोणते मासे, कोणत्या शिंपल्या मिळायच्या. ही माहिती वहीत नसेल, तर पुढच्या पिढीला वाटेल नदी पहिल्यापासून अशीच होती. अशा वहीत तुमच्या मोहल्ल्याचा एकही माणूस नसेल, तर तक्रार करण्याआधी समितीच्या बैठकीला जा. कायद्याने दिलेली जागा रिकामी ठेवली तर तिथे दुसरं कुणी बसणारच.

काही जण विचारतील, आमच्यासमोर शिक्षणाचे, नोकरीचे, सुरक्षिततेचे एवढे प्रश्न असताना पाखरं कुठे मोजत बसायचं? प्रश्न रास्त आहे. गिधाडं गेल्यावर काय झालं ते पाहा. मेलेली जनावरं उघड्यावर कुजत राहिली. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अर्थशास्त्रीय अभ्यासाचा अंदाज असा की २००० ते २००५ या काळात त्यामुळे भारतात दरवर्षी सुमारे एक लाख जास्तीचे मृत्यू झाले. ते कोण असतील? ज्यांचं पाणी उघडं, ज्यांची वस्ती कुजणाऱ्या ढिगाऱ्याजवळ, तेच. निसर्गाचा तोल गेला की पहिला धक्का नेहमी अशाच वस्त्यांना बसतो. आणि उद्या संवर्धनाच्या नावाखाली कुणाची म्हैस, कुणाची होडी, कुणाची झोपडी हटवली जाईल, तेव्हा 'याने पाखरं वाढतील हे कशावरून?' असं विचारायला आपल्या हातात आकडे लागतील. कधी ते आकडे आपल्याच विरोधात जातील. तेव्हाही ते मान्य करायची तयारी ठेवा, नाहीतर आपल्यात आणि कागदी वाघ मोजणाऱ्यांत फरक राहणार नाही.

पुढचं शिबिर वर्षाने आहे. चार-चार जणांचे गट करा, आज संध्याकाळीच जागा ठरवा आणि बारा महिन्यांच्या बारा याद्या घेऊन या. भाषण तेव्हा तुम्ही करा, मी ऐकायला बसेन.